साबणाच्या फुग्याचा फ्लोमीटर (काचेचा, ५० मिली) – ५ पैकी ४ स्टार

जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) पॅक्ड कॉलम (द्रव लावलेल्या दाण्यांनी भरलेली नळी) लावून ॲक्टिव्हिटी कोएफिशियंट (गॅमा, म्हणजे द्रावण आदर्श वागणुकीपासून किती ढळतं त्याचा आकडा) काढणाऱ्यांनी ही साधी काचेची नळी घ्याच. कॉलमवर सगळे तासन्‌तास बोलतात पण त्यातून जाणाऱ्या गॅसचा फ्लो कोणी धड मोजत नाही, आणि रिटेन्शन व्हॉल्यूम (सॅम्पल कॉलममधून बाहेर यायला लागणारा गॅस) म्हणजे वेळ गुणिले फ्लो, त्यामुळे फ्लोमध्ये जेवढे टक्के चूक तेवढे टक्के सरळ उत्तरात. डिजिटल मीटर दिसायला भारी असतात, पण मास फ्लोवाल्यात गॅसचं सेटिंग नायट्रोजनवर राहिलं आणि लाइनमध्ये हेलियम असला की आकडा गंडलाच. इथे ती भानगडच नाही, बल्ब दाबा, फुगा चढतो, खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत स्टॉपवॉच लावा.

१० मिलीचं छोटं मॉडेल मात्र नको. मिनिटाला ३० मिली फ्लो असेल तर फुगा २० सेकंदांत वर जातो, बटण ०.२ सेकंद उशिरा दाबलं की १ टक्का गेला. ५० मिलीला तेच ०.२ टक्के होतात.

आता महत्त्वाचं. कोरडा गॅस साबणाच्या पाण्यावरून जाताना वाफ उचलतो. ३० अंशाला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याचे ३१.८ मिमी, आमच्या पुण्यात हवेचा दाब ७१० मिमीच्या आसपास, म्हणजे फ्लो सुमारे ४.७ टक्के जास्त दिसतो आणि गॅमा जवळपास तेवढाच कमी येतो. बरेच जण डोळे झाकून समुद्रसपाटीचा ७६० टाकतात, प्लीज तसं करू नका, बॅरोमीटर बघा, जेम्स-मार्टिनचा जे (कॉलममध्ये दाब उतरत जातो त्यासाठीचं करेक्शन) काढतानाही गेज प्रेशरमध्ये तोच दाब मिळवायचा असतो. हे वाफेचं करेक्शन विसरलं तरी एन्थाल्पी (विरघळतानाची उष्णता) जवळजवळ बरोबरच येते, कारण रिटेन्शन व्हॉल्यूमचा लॉग विरुद्ध १/तापमान या ग्राफची अख्खी रेघ वर सरकते पण उतार तोच राहतो, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. दुपारी एसी बंद पडून खोली तापली तर मग उतारही बिघडतो, त्यामुळे नळीशेजारी थर्मामीटर हवाच.

एक स्टार कापला तो खुणांसाठी. पाणी भरून वजन केलं तर माझ्या नळीत ५० ऐवजी ४९.६ मिली भरले, दुकानदार म्हणाला एवढं चालतं, मला नाही चालत. घेतल्यावर आधी वजन करून बघा.

बाकी स्क्वॅलेनवर (कॉलममधला तेलकट द्रव) अल्कोहोल टाकून पीकला (ग्राफवरच्या शिखराला) शेपूट आलं, सॅम्पल कमी-जास्त केल्यावर रिटेन्शन हललं, तर तो सपोर्टवरच्या (द्रव ज्यावर लावलेला असतो त्या दाण्यांवरच्या) ॲड्सॉर्प्शनचा, म्हणजे पृष्ठभागाला चिकटण्याचा त्रास, त्यात या नळीचा दोष नाही. रबरी बल्ब काही महिन्यांत चिकट होतो, घेतानाच एक जास्तीचा मागून घ्या.