बडी एमन्सची पेडल स्टील: नऊ महिने ऐकून झाल्यावर

आधी कबुली देतो. पेडल स्टील म्हणजे तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवायची गिटार, जिच्या तारांचे सूर पायातल्या पेडलांनीही बदलता येतात, आणि बडी एमन्स हा तिचा अमेरिकन वादक. पहिले दोन महिने मी हे वाद्य चुकीच्या कानाने ऐकत होतो.

पेडल स्टीलचा तो लांबवलेला, ओलसर सूर ऐकला की आपल्याकडच्या माणसाला लगेच मींड आठवते. माझंही तेच झालं. लहानपणी शिकलेली पेटी आणि घरात चालणारं शास्त्रीय गाणं, एवढीच माझी पुंजी. पेटीवर मींड निघत नाही, म्हणून तिची हौस जरा जास्तच. बडी एमन्सची ध्वनिमुद्रणं लावली आणि सूर कुठे घसरतो तेवढंच शोधत बसलो. गोड वाटायचं, पण चार-पाच गाण्यांत पोट भरायचं. सगळी गाणी एकाच आवाजात हुंदके देतायत असं वाटे. आईने एकदा स्वयंपाकघरातून विचारलंही, "कोण रडतंय रे मघापासून?"

कान वळला तो एका वेगळ्याच माणसामुळे. कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या संगीतातला गायक वेब पिअर्स, त्याचं 'स्लोली' हे १९५४ सालचं गाणं. त्यात स्टीलवादक बड आयझॅक्स तारा छेडतो आणि त्या वाजत असतानाच पायाने पेडल दाबतो. हवाइयन गिटारवर डाव्या हातातली पोलादी कांडी सरकली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकदम चढतात किंवा उतरतात. इथे कांडी जागेवरच आहे, काही तारा चढतायत आणि एखादी शेजारीण ढिम्म हलत नाही. हे गाणं गाजल्यावर कितीतरी स्टीलवाल्यांनी आपापल्या वाद्यांना पेडलं बसवायला घेतली, यात नवल नाही.

पेटीच्या भाषेत सांगतो. कंट्री संगीतात चालणाऱ्या ई-नाइन ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा सुरांत लावायच्या एका पद्धतीत, मुख्य तारा सा, ग, प अशा धरा. एक बदल 'प'चा 'ध' करतो, दुसरा 'ग'चा 'म' करतो. 'सा' जिथल्या तिथे. दोन्ही केले की सा-म-ध, म्हणजे कांडी न हलवता अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, बदलली. आयझॅक्सकडे हे दोन्ही एकाच पेडलवर होतं. एमन्सने १९५६ मध्ये ते दोन पेडलांवर वेगळं केलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता! आता नुसतं 'ग'चं पेडल दाबलं तर सा-म-प मिळतं. तो 'म' असा लोंबकळत राहतो की कान म्हणतो, उतर बाबा एकदाचा. एमन्स त्याला हवा तितका वेळ तंगवतो आणि मग पाय उचलतो.

तेव्हापासून मी घसरणाऱ्या सुराच्या मागे धावणं सोडलं आणि जागेवर बसलेली तार ऐकू लागलो. तिच्यामुळे शेजारच्या तारेची हालचाल कळते, जशी तानपुऱ्याच्या षड्जामुळे गायकाची श्रुती कळते. आधी एकसुरी वाटणारी गाणी एकेक करून सुटी व्हायला लागली.

माझ्या पसंतीत पहिल्या क्रमांकावर कंट्री गायक रे प्राइसचा 'नाइट लाइफ' हा अल्बम, १९६३. एमन्स १९६२ मध्ये प्राइसच्या चेरोकी काउबॉइज या ताफ्यात आला होता. अल्बमच्या सुरुवातीलाच प्राइस गाण्याआधी श्रोत्यांशी बोलतो, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा, आणि त्या बोलण्याखाली स्टील चालू असते. पहिले काही दिवस मी हा भाग पुढे ढकलायचो. केवढा मूर्खपणा! बोलणाऱ्या माणसाला साथ करणं गाणाऱ्याला साथ करण्यापेक्षा अवघड, कारण बोलण्याला ताल नाही, वाक्य कुठे संपेल याचा भरवसा नाही. पुढे विली नेल्सनने लिहिलेलं ते संथ, ब्लूज अंगाचं गाणं सुरू होतं आणि एमन्स प्राइसच्या ओळींमधल्या जागा भरतो. उत्तम तबलजी आवर्तनात कुठे गप्प बसायचं ते जाणतो, तसाच हाही. नऊ महिन्यांत हे एक गाणं मी किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही आणि कंटाळा अजून आलेला नाही.

याच काळात एमन्सने ई-नाइनच्या वरच्या बाजूला दोन तारा वाढवल्या. आपल्या हिशेबात त्या 'रे' आणि 'नी'च्या. गंमत अशी की त्या पहिल्या-दुसऱ्या जागी असल्या तरी सर्वांत उंच सुराच्या नाहीत, तो मान तिसऱ्या तारेचा. या दोन पाहुण्यांमुळे कांडी एकाच जागी ठेवून सरळ सुरावट वाजवता येते. ही सोय आजच्या दहा तारांच्या ई-नाइनमध्ये कायमची बसली आहे.

दुसरी पसंती अगदी वेगळ्या गल्लीतली: जूडी कॉलिन्सचं 'समडे सून', १९६८. कॉलिन्स लोकगीतांच्या बाजूची गायिका, आवाज नितळ, काचेसारखा. गाणं रोडिओच्या, म्हणजे बेफाम जनावरांवर स्वार होण्याच्या खेळातल्या, घोडेस्वारावर जीव जडलेल्या मुलीचं, घरच्यांना तो पसंत नाही. अशा आवाजामागे कंट्रीतली रडकी स्टील लावली असती तर सगळा बेत बिघडला असता. एमन्स इथे उजेडात वाजवतो. ज्यांना कंट्री म्हटलं की दारूचा ग्लास आणि मोडलेला संसार एवढंच आठवतं, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. माझ्या बहिणीला पहिल्या खेपेत आवडलेलं हे एकमेव गाणं.

'स्टील गिटार जॅझ' मात्र मला पचायला सहा महिने लागले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅझ वादकांबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण: बॉबी स्कॉट पियानोवर, जेरोम रिचर्डसन सॅक्सोफोनवर, आर्ट डेव्हिस बासवर, चार्ली पर्सिप ड्रम्सवर. कंट्रीवाला जॅझवाल्यांच्या घरी जेवायला गेला की थोडं अंग चोरून बसणार, ही माझी अपेक्षा. तो तसा बसत नाही. त्याने सॅक्सोफोनची नक्कल केली असती तरी मी माफ केलं असतं, पण इथे स्टील स्टीलच राहते. तरी ही तबकडी मी रविवारी सकाळीच लावतो. दिवसभर काम करून आल्यावर तिच्या वेगाला माझं डोकं पुरत नाही.

कंट्री गायक लिटल जिमी डिकन्सच्या ताफ्यात असताना, म्हणजे विशीही न ओलांडलेल्या वयात वाजवलेलं 'बडीज बूगी' पहिल्या आठवड्यात डोक्यावर घेतलं होतं. आता क्वचितच लावतो. हात विलक्षण आहे, पण एकदा तोंडात बोट घालून झालं की पुढे काय? डॅनी गॅटनबरोबरची, वॉशिंग्टनच्या सेलर डोअर क्लबमधली ३१ डिसेंबर १९७८ ची मैफल त्याच जातीची, पण तिथे समोर तोलामोलाचा गिटारवाला आहे आणि दोघांना मजा येतेय हे ऐकू येतं. ती ठेवली आहे.

तक्रारी दोन. पहिली माझ्या सवयींची: फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. खालच्या तारा गायब होतात आणि उरतं ते किंचाळणं, आईचा प्रश्न बहुधा त्यामुळेच आला असावा. लोकलमध्ये एकाच कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांनीही जपून. जुन्या स्टिरिओ मुद्रणांत वाद्यं दोन बाजूंना वाटलेली असतात, नेमकी स्टील दुसऱ्या कानाची निघायची. दुसरी तक्रार जास्त खुपते. मी वापरतो त्या ॲपवर गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि साथीदारांचा पत्ता नाही. एमन्सचं आयुष्य बरंचसं दुसऱ्यांच्या गाण्यांत गेलं, त्यामुळे त्याचं नाव टाकून शोधलं तर हाती येतं ते त्याचं निम्मंसुद्धा नाही. शेवटी वहीत यादी करत बसलो.

यादी करताना एक गोष्ट कळली ती सांगतो. शॉट जॅक्सन आणि बडी यांनी १९५७ मध्ये वाद्यं बनवायला घेतली आणि दोघांच्या नावांतून 'शो-बड' हे कंपनीचं नाव झालं. १९६३ पासून त्याच्या स्वतःच्या नावाची एमन्स गिटारही आली. म्हणजे हा १९३७ साली इंडियानात जन्मलेला, अकराव्या वर्षी वडिलांनी लॅप स्टील (मांडीवर ठेवून वाजवायची बिनपेडलची स्टील) आणून दिलेला माणूस वाद्य वाजवता वाजवता वाद्यच बदलत गेला. २०१५ मध्ये तो गेला.

नवीन माणसाने आधी 'समडे सून' घ्यावं, मग 'स्लोली' ऐकून ते पेडल कानात बसवावं आणि मगच 'नाइट लाइफ'कडे यावं. जॅझची तबकडी घाईने उघडू नये. माझ्या वहीत अजून तीसेक गाणी टीक न केलेली आहेत, त्यातली निम्मी रे प्राइसचीच. आणि प्राइसचं ते सुरुवातीचं बोलणं आता मी पुढे ढकलत नाही, उलट त्याने अजून दोन वाक्यं बोलायला हवी होती असं वाटतं.