परसबागेच्या वाळवणासाठी पाच ट्रेचा डिहायड्रेटर: कैरीला उत्तम, कोकमाला नको

एप्रिल-मेमध्ये परसबाग उसंत देत नाही, पण माल एकदम येत नाही. आज वाऱ्याने पडलेल्या दोन किलो कैऱ्या, उद्या ओंजळभर मिरच्या, परवा शेवग्याची छाटणी, आणि मग एके दिवशी पंचवीस-तीस रायवळ आंबे एकाच वेळी पिकून बसतात. एवढ्याशा मालासाठी गच्चीवर जुनी साडी अंथरायची, मुंग्या आणि कावळे राखायचे आणि दुपारी चारला वळवाचे ढग दिसले की सगळं गोळा करून आत पळायचं. घरगुती विजेचा डिहायड्रेटर याच तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या मालासाठी घ्यावा. झाड एका दिवसात उतरवणाऱ्यांनी घेऊ नये. त्यांना गच्ची आणि कडकडीत ऊन यांना पर्याय नाही.

हे परीक्षण पाच ट्रेच्या गोल मशीनचं आहे. पंखा आणि हीटर तळाला, त्यावर एकावर एक बसणारे जाळीचे प्लॅस्टिकचे ट्रे, साधारण २५० ते ३५० वॅट, ३५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत फिरणारं बटण. याच घडणीचं मशीन वेगवेगळ्या नावांनी मिळतं, म्हणून इथे नावापेक्षा घडणीविषयीच लिहिलं आहे. कैरी, आंबापोळी, पाला आणि भरल्या मिरच्या या चार कामांसाठी पाचपैकी चार गुण. कोकमासाठी एक.

आधी क्षमता, कारण फसगत तिथेच होते. खोक्यावर पाच ट्रे दिसले की दहा किलो माल बसेल असं वाटतं. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या ट्रेवर एकाच थरात कैरीच्या ३०० ते ३५० ग्रॅम चकत्या बसतात. म्हणजे एका खेपेला दीड किलो, फार तर पावणेदोन. चकत्या एकमेकींवर चढल्या की जिथे चिकटतात तिथे ओल राहते आणि पुढे त्याच जागी बुरशी धरते. दीड किलो म्हणजे दीड किलोच भरा.

विजेचा हिशेब सोपा आहे. ३०० वॅटचं मशीन दहा तास चाललं तर जास्तीत जास्त तीन युनिट. युनिटला १० रुपये धरले तर खेपेला ३० रुपये. तेवढ्यात दीड किलो सोललेल्या कैरीचं साधारण २०० ग्रॅम आमचूर हाती येतं, आणि त्यात वाळू कचकचत नाही.

कोकणातल्या दमट हवेत हे मशीन चालेल का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. चालतं. ३० अंशांची, ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास उतरते. तीच हवा मग चकतीतलं पाणी ओढून घेते. मात्र मशीन बंद खोलीत ठेवलं तर बाहेर पडलेली दमट हवा पुन्हा आत खेचली जाते आणि दहा तासांचं काम चौदा तासांवर जातं. खिडकीजवळ, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा.

बटणावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. भरलेल्या मशीनमध्ये तळाच्या आणि वरच्या ट्रेमध्ये आठ-दहा अंशांचा फरक सहज पडतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मधल्या ट्रेवर ठेवून एकदा पाहून घ्या आणि बटणाशेजारी पेन्सिलने खरा आकडा लिहून टाका. शिवाय दर दोन-अडीच तासांनी तळाचा ट्रे वर आणि वरचा तळाला न्यायलाच हवा. रात्री लावून झोपलात तर सकाळी खालच्या चकत्या करपट तांबूस आणि वरच्या वातड मिळतील. या घडणीचा हाच सर्वात मोठा दोष आहे. पेटीसारख्या, मागे पंखा असलेल्या मशीनमध्ये तो बराच कमी असतो, पण त्याची किंमत साधारणपणे दुपटीच्या पुढे जाते.

आता कैरी. आमचुरासाठी कडक, आंबटढाण, आत पिवळी न पडलेली कैरी घ्या. साल काढा, नाहीतर पूड तुरट आणि काळसर होते. चकत्या तीन मिलिमीटरच्या, लांबट. कीस करू नका: तो सुकून बारीक झाला की जाळीतून थेट पंख्यावर पडतो. लोखंडी विळीवर चिरलेली कैरी लोखंडाशी आम्लाची गाठ पडून काळवंडते, म्हणून स्टीलची सुरी वापरा. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ घालून चकत्या त्यात दहा मिनिटं बुडवा, निथळा आणि पंचावर पसरून वरचं पाणी टिपून घ्या. टिपण्याची ही पाच मिनिटं मशीनचा तासभर वाचवतात. ५५ अंशांवर आठ ते नऊ तास.

इथे घाई केली की काम बिघडतं. लवकर व्हावं म्हणून ७० वर लावलं तर चकतीचा वरचा थर आवळून कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. हाताला ती वाळलेली लागते, डब्यात भरली की तिसऱ्या दिवशी पुन्हा मऊ पडते. खरी वाळलेली चकती पूर्ण गार झाल्यावर कटकन मोडते. गरम असताना कोणतीही चकती लवचिकच लागते, तेव्हा मशीन बंद करून दहा मिनिटं थांबूनच पारख करा. दळायचंही गार झाल्यावर आणि लगेच. मिक्सरमधून काढून तासभर उघडी राहिलेली पूड मेमधल्या हवेत गोळे धरते.

आंबोशीचा हिशेब वेगळा. सालीसकट, बोटाएवढ्या जाड फोडी, किलोला ५० ग्रॅम मीठ लावून रात्रभर झाकून ठेवायच्या. सुटलेलं खारं पाणी सकाळी पूर्ण निथळून टाकायचं आणि मगच ट्रेवर लावायच्या, कारण तो खार तळाच्या हीटरवर ठिबकला तर धातू गंजतो. ५५ ते ६० अंशांवर चौदा-सोळा तास. आंबोशी कटकन मोडायला नको. वाकवली तर चामड्यासारखी वाकावी आणि दाबल्यावर बोटाला ओल लागू नये.

या मशीनवर पैसे वसूल होतात ते आंबापोळीत. उन्हात थरावर थर देत साठं, म्हणजे आंबापोळीच, घालायला चार-पाच दिवस जातात, तेवढे दिवस त्यावर माशी बसू द्यायची नाही आणि एक मळभाचा दिवस आला की रस आंबूस वास धरतो. मशीनमध्ये एका दिवसात पोळी होते. रायवळाचा रस चाळणीतून गाळून रेषे काढा. जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत एक उकळी आणा आणि दोन मिनिटं ठेवा. त्याने रस पुढे काळा पडत नाही आणि वाळताना आंबतही नाही. आंबट असेल तर किलोला ५० ते १०० ग्रॅम साखर, गोड असेल तर काहीच नको. चिमूटभर मीठ मात्र हवंच.

मशीनबरोबर येणाऱ्या सपाट प्लॅस्टिक पत्र्याला तुपाचा हात पुसल्यासारखा लावा. तूप साचलं तर पोळीला खवट वास येतो. एका पत्र्यावर २५० ते ३०० ग्रॅम रस ओता, म्हणजे थर साधारण साडेचार मिलिमीटरचा होतो. ओतून झाल्यावर पत्रा हलकेच आपटला की बुडबुडे फुटतात. कडा आधी सुकतात आणि तडकतात, म्हणून रस कडेला किंचित जाड आणि मध्ये पातळ ठेवा. पत्रा हवेची वाट अडवतो, तेव्हा एका वेळी तीनच पत्रे, प्रत्येक दोनमध्ये एक रिकामा ट्रे. ६० अंशांवर सात-आठ तासांनी पोळी कडेपासून सुटू लागते. मधोमध बोट टेकवून पाहा: चिकटली पण रस बोटाला आला नाही, की सोलून उलटी करा आणि पत्र्याशिवाय थेट जाळीवर आणखी तीन-चार तास ठेवा. उलटी केली नाही तर खालची बाजू ओली राहते आणि महिन्याभरात पांढरी बुरशी तिथूनच सुरू होते. तयार पोळी उजेडासमोर धरली तर एकसारखी केशरी दिसते. मध्ये कुठे गडद डाग दिसला तर तिथे अजून ओल आहे. एका पत्र्यातून ६० ते ७० ग्रॅमची पोळी मिळते. तिला बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा.

फणसपोळी याच रीतीने, बरक्या म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांची. तिला तूप थोडं जास्त आणि वेळ दोन तास जास्त.

पाल्याला हे मशीन उन्हापेक्षा सरस आहे. कढीपत्ता उन्हात करडा पडतो आणि त्याचा वास उडतो. इथे ४० ते ४५ अंशांवर चार-पाच तासांत हिरवाच राहतो. पुदिन्यालाही तेवढंच तापमान. शेवग्याचा पाला काड्यांवरून ओरबाडून ४५ ते ५० वर ठेवला की हातात चुरगळतो. फक्त वाळलेली पानं हलकी होऊन पंख्याच्या झोताने उडतात आणि एका कोपऱ्यात गोळा होतात. पानांवर मच्छरदाणीच्या कापडाचा गोल तुकडा टाकला की बसून राहतात.

मिरच्यांमध्ये फरक करा. भरल्या सांडगी मिरच्या, म्हणजे पोटाला चीर देऊन धणे, मेथी, हिंग, हळद, मीठ आणि लिंबाचा रस भरलेल्या, ५५ अंशांवर बारा-चौदा तासांत छान होतात, कारण चिरेतून पाणी निघायला वाट असते. अख्ख्या लाल मिरचीची मेणचट साल मात्र पाणी सोडत नाही. तिला चोवीस तासांच्या वर लागतात आणि तेवढी वीज घालण्यापेक्षा ती उन्हातच टाकावी. मिरची कोणतीही असो, मशीन गॅलरीत न्या. बंद स्वयंपाकघरात घरभर ठसका लागेल.

आणि आता कोकम. आमसूल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे. फळ फोडून गर आणि बिया काढायच्या, त्या गराच्या रसात मीठ घालायचं, साल त्यात बुडवून उन्हात वाळवायची आणि हे पाच-सहा वेळा करायचं. प्रत्येक पुटाबरोबर रस सालीत मुरतो आणि तिला तो काळा-जांभळा रंग येतो. मशीनमध्ये साल चटकन आखडते, पुढचं पूट आत जिरत नाही, वरच चिकटून बसतं. दुसरं म्हणजे खारट-आंबट रस तळाच्या पंख्यावर ठिबकतो, आणि मशीनचं आयुष्य कमी करायला याहून खात्रीचा उपाय नाही. तिसरं, ट्रे कायमचे जांभळे होतात. एवढं करूनही आमसूल गुळगुळीत, मांसल होत नाही, सुकट लागतं. पुटं उन्हातच द्या. शेवटचं पूट झाल्यावर आभाळ भरून आलंच तर, रस ठिबकत नाही अशी खात्री करून, ४५-५० वर तीन-चार तास मशीनचा आधार घ्या. पावसाने सगळंच गाठलं तर आमसुलाचा नाद सोडून फळांचं आगळ करा: फोडलेल्या फळांना किलोला १५० ते २०० ग्रॅम मीठ लावून काचेच्या बरणीत ठेवायचं, रोज हलवायचं आणि आठवड्याने गाळून घ्यायचं.

वीज जाणं ही खरी अडचण आहे. अर्धवट सुकलेला, कोमट माल झाकणाखाली बंद राहिला की दोन-तीन तासांत वास बदलतो. वीज गेली की झाकण काढा आणि ट्रे वेगळे करून हवेशीर मांडा. लवकर येणार नसेल तर सगळं डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि नंतर तिथून पुढे चालू करा. पानांना हा धोका कमी, आंबापोळीला सर्वात जास्त.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. बटणावर अंशांचे आकडे हवेत, नुसतं कमी-जास्त लिहिलेलं मशीन पाल्याला निरुपयोगी आहे. सुटे ट्रे आणि सपाट पत्रे वेगळे विकत मिळतात का हे आधी विचारा, कारण पहिल्यांदा तडा जातो तो ट्रेच्या कडेला. आणि ठरल्या वेळी आपोआप बंद होणारा टायमर असेल तर दोन पैसे जास्त द्या. धुताना ट्रे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून मऊ ब्रशने घासा, आंबापोळीचा चिकटा सहज सुटतो. उकळतं पाणी ओतलं तर ट्रे वाकतात आणि मग एकावर एक नीट बसत नाहीत. तळाचा भाग फक्त ओल्या फडक्याने पुसायचा.

मशीनमधून काढलेला माल लगेच कायमचा भरून ठेवू नका. काचेची बरणी दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. जास्त सुकलेल्या आणि कमी सुकलेल्या चकत्यांमधली ओल त्या काळात सारखी होते. काचेला आतून धुकं धरलं तर त्याच दिवशी सगळं पुन्हा ५० अंशांवर दोन तास. आंबोशीच्या बाबतीत हे हमखास एकदा तरी करावं लागतं.

मे संपला म्हणून मशीन माळ्यावर टाकू नका. जुलैच्या झडीत आमचूर दगडासारखं होतं, आंबोशी नरम पडते, पापडही मऊ होतात. ४५ अंशांवर तास-दीड तास ठेवलं की सगळं पुन्हा कुरकुरीत होतं, आणि आमचुराचा गोळा पत्र्यावर पसरला तर सुकल्यावर बोटांनीच फुटतो.