बेल्ट घ्यायला धारावी: जरूर जा, पण कड बघून घ्या

मॉलमधल्या चकचकीत बेल्टवर दीड-दोन हजार घालवून वर्षभरात त्याचे पोपडे निघालेले बघायची हौस असेल तर खुशाल तिकडे जा, पण तेवढ्याच पैशात, घासाघीस जमत असेल तर त्याहून कमीत, धारावीत एकसंध चामड्याच्या पट्टीचा बेल्ट मिळतो. सायन-बांद्रा लिंक रोडवर काळा किल्ल्याच्या आसपास लेदरची दुकानं एकाला एक लागून आहेत, बेस्टचा डेपो पण तिथेच, त्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. बॅगा, जॅकेटं, पाकिटं सगळं आहे पण मी फक्त बेल्टबद्दल लिहितोय. मी घेतला त्या दुकानाचं नाव देत नाही, कारण शेजारच्या चार दुकानांत साधारण तोच माल दिसतो, तुम्ही काय बघून घेता यावर सगळं आहे.

आत गेलात की पहिल्यांदा तुमच्यापुढे बक्कल नाचवणार. इटालियन बक्कल, ऑटोलॉक बक्कल, दोन्ही बाजूंनी घालायचा काळा-ब्राऊन बेल्ट वगैरे. ते सगळं बाजूला ठेवा आणि बेल्टची कड बघा. कड म्हणजे कापलेली बाजू, तिथे चामड्याला खोटं बोलता येत नाही. चांगला बेल्ट वरपासून खालपर्यंत एकच जाड थर असतो, साधारण साडेतीन-चार मिलिमीटरचा, आणि कडेला तंतू दाटीवाटीने बसलेले दिसतात. हलक्या बेल्टमधे वर पातळ चामडं, खाली पातळ चामडं आणि मधे पुठ्ठा नाहीतर रेक्झिन असं सँडविच असतं आणि ते झाकायला कडेवर जाड रंग फासलेला असतो. कडेला प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत रंग दिसला की भोकाच्या आत बघा, भोकं नंतर पाडतात त्यामुळे आतला माल तिथे उघडा पडतो. ही ट्रिक मला तिथल्याच एका कारागिराने दाखवली, मालक गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतला होता तेव्हा!

‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का मारलाय म्हणून हुरळून जाऊ नका. चामड्याचा वरचा मजबूत थर काढून घेतल्यावर खाली जो उरतो त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन केलेला बेल्ट पण त्याच शिक्क्याखाली खपतो, लेदर तर ते आहेच की. आणि बाँडेड लेदर म्हणजे तर कातरकाम करून उरलेल्या तुकड्यांचा भुगा चिकटवलेला, फर्निचरमधल्या पार्टिकल बोर्डसारखा. आपल्याला हवा तो फुल ग्रेन, म्हणजे वरचा थर न घासलेला. त्यावर बारीक छिद्रं, एखादा जुना ओरखडा, डासाच्या चाव्याची खूण असं काहीतरी दिसतं. अगदी एकसारखं डिझाइन दिसलं तर ते बहुतेक मशीनने छापलेलं असतं.

इथे जाड बेल्ट बहुतेक म्हशीच्या चामड्याचे दाखवतात. २०१५ च्या कायद्याने राज्यात गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवर पण बंदी आली, म्हैस त्यात नाही. शिवाय चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार चामडं येतंच. म्हशीचं जरा खरखरीत दिसतं पण बेल्टला मस्त. बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं, आपल्या कोल्हापुरी चपलेला लागतं तसलं चामडं हवं असेल तर मुद्दाम विचारावं लागतं. ते सुरुवातीला कडक असतं, नंतर अंगावर बसतं आणि रंग गडद होत जातो. बाकी बहुतेक माल क्रोमचा, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमचं रसायन वापरून कमावलेला, त्याची कड रंगवलेली नसेल तर आत निळसर-राखाडी दिसते. तो वाईट नसतो, उलट पाण्याला जरा जास्त टिकतो.

साइजचा घोळ फार जण करतात. पँट ३४ ची तर बेल्ट ३६ चा, आणि मोजायचं ते बक्कल सोडून, चामडं जिथे सुरू होतं तिथपासून मधल्या भोकापर्यंत. फॉर्मल पँटला सव्वा इंच रुंदी पुरे, जीन्सला दीड इंच. इथली सगळ्यात भारी सोय म्हणजे तुमच्यासमोर कापून, भोकं पाडून देतात. बक्कल स्क्रूचं घ्या म्हणजे पुढे बदलता येतं, आणि पितळेचं आहे म्हणाले तर हातात घेऊन वजन बघा.

आता वाईट बाजू. रस्त्यावरून जाताना हाताला धरून आत ओढतात, प्रत्येक गोष्ट ‘एक्सपोर्ट का माल’ असते, आणि बिल मागितलं की चेहरे बदलतात. गॅरंटी तोंडी. मला हजाराच्या आत बेल्ट पडला, सुरुवात अठराशेपासून झाली होती.

घेतल्यावर काळजी काही फार नाही, पण पावसाळ्यात लक्ष द्यावंच लागतं. बंद कपाटात जुलैमधे पांढरी बुरशी येणार म्हणजे येणार. आली की बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात जेमतेम ओलं केलेलं फडकं फिरवा आणि पंख्याखाली वाळवा, उन्हात अजिबात नको, चामडं तडकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. घरी आल्यावर बेल्ट पँटमधेच राहू देऊ नका, घाम आत मुरतो, काढून बक्कलाला लटकवा. वर्षातून दोनदा मेणाचं लेदर कंडिशनर बोटभर लावलं की झालं. आई खोबरेल सुचवेल, पण त्याने रंग काळवंडतो आणि जास्त झालं तर वास येतो. बुटाचं रंगीत पॉलिश तर नकोच, पांढऱ्या शर्टाला लागलं की धुवत बसा, लावायचंच तर न्यूट्रल लावा.