गूगल समर ऑफ कोड: अर्ज मार्च-एप्रिलमध्ये, तयारी डिसेंबरात

२००५ पासून दरवर्षी चालणारा हा कार्यक्रम कॉलेजच्या मुलांच्या तोंडी 'जीसॉक' म्हणून बसला आहे. नावात गूगल असल्यामुळे पुष्कळ जण ही गूगलमधली इंटर्नशिप समजून अर्ज करतात आणि तिथेच फसतात. गूगल पैसे देतं, संकेतस्थळ चालवतं, नियम ठरवतं. काम मात्र मिळतं पायथन, पोस्टग्रेस, डेबियन, ब्लेंडर, व्हीएलसी, विकिमीडिया अशा ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या प्रकल्पांत, आणि निवडही हे प्रकल्प चालवणाऱ्या संस्थाच करतात. गूगलच्या नियमांतही सहभागी माणूस स्वतंत्र डेव्हलपर धरला जातो. कॉलेजला कंपनीच्या सही-शिक्क्याचं इंटर्नशिपचं पत्रच हवं असेल, तर आपल्या विभागाला आधी विचारून घ्या. नंतर हुज्जत नको.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. वय १८ पूर्ण हवं आणि ओपन सोर्समध्ये तुम्ही नवखे असायला हवं. विद्यार्थीच असलं पाहिजे ही अट २०२२ मध्ये काढली, त्यामुळे शिक्षण संपलेलेही आता रांगेत असतात. आयुष्यात दोनदाच निवड होऊ शकते. अर्जाला शुल्क नाही. 'फी भरा, निवड करून देतो' म्हणणारा जो कोणी भेटेल तो लबाड.

प्रकल्प तीन मापांचे असतात: सुमारे ९० तास, १७५ तास आणि ३५० तास. १७५ तास बारा आठवड्यांत बसवले तर आठवड्याला साधारण पंधरा तास होतात, कॉलेज सांभाळून जमण्यासारखे. ३५० तासांचा प्रकल्प म्हणजे आठवड्याला एकोणतीस तास, आणि त्यात परीक्षा आल्या की गाडी रुळावरून घसरते. मेंटॉरशी, म्हणजे संस्थेतल्या तुमच्या मार्गदर्शकाशी बोलून मुदत बावीस आठवड्यांपर्यंत लांबवता येते, ही सोय फार कमी जण वापरतात. परीक्षेच्या तारखा अर्जातच लिहा. लपवून ठेवल्या तर मध्यावर उघड्या पडतातच.

मानधन तुम्ही राहता त्या देशातल्या महागाईवर ठरतं. मधल्या मापाला १,५०० ते ३,३०० डॉलर, मोठ्याला त्याच्या दुप्पट, छोट्याला निम्मं. पैसे दोन हप्त्यांत येतात: मध्यावधी मूल्यमापनानंतर ४५ टक्के, शेवटच्या मूल्यमापनानंतर ५५ टक्के. निवड एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला जाहीर होते, काम मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये सुरू होतं आणि पहिला हप्ता जुलैच्या मध्यानंतर. मेमध्ये लॅपटॉप किंवा भाड्याचं गणित या पैशांवर बांधू नका. पैसे पेओनिअर या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेमार्फत येतात, त्यामुळे तिथलं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरानुअक्षर एक हवं. मधलं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरूनही खातं अडकून पडतं. टॅक्सचा फॉर्मही निवड झाल्यावर लगेच भरून टाका.

आता निवडीकडे वळू, कारण खरा कस तिथेच लागतो. संस्थांची यादी फेब्रुवारीच्या अखेरीस येते आणि अर्जाची मुदत साधारण मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला संपते. एका माणसाला तीन प्रस्ताव देता येतात. संस्था प्रस्तावांची क्रमवारी लावते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती जागा हव्यात ते गूगलला कळवते आणि गूगल जागा वाटतं. म्हणजे प्रस्ताव उत्तम असूनही संस्थेला दोनच जागा मिळाल्या आणि तुम्ही तिसरे असलात, तर संपलं. २०२५ मध्ये १८५ संस्था होत्या, अर्जदार १५ हजारांच्या वर आणि निवड झाली सुमारे १,२८० जणांची. या गर्दीत मेंटॉर आधी ओळखीचं नाव शोधतो. ओळखीचं म्हणजे वशिल्याचं नव्हे. ज्याचा कोड त्याने याआधी वाचलाय, त्याचं.

म्हणून यादीची वाट बघू नका. संकेतस्थळावर मागच्या वर्षांचा संग्रह खुला आहे: कोणत्या संस्थेने किती प्रकल्प घेतले, कोणते घेतले, शेवटचे अहवाल काय होते. डिसेंबरात बसून सलग तीन-चार वर्षं आलेल्या आणि दरवर्षी चार-पाच तरी जागा भरलेल्या संस्था निवडा. दोनापेक्षा जास्त संस्थांच्या मागे लागू नका. एखादी जुनी संस्था यंदा यादीत नसण्याची शक्यता असते, तेवढ्यासाठी दुसरी. तीन प्रस्तावांची मुभा आहे म्हणून तीन पाठवणं हा तोट्याचा धंदा. तिन्ही पातळ होतात.

मग कोड उतरवून घ्या, बिल्ड करा (म्हणजे त्यापासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करा) आणि सगळ्या चाचण्या चालवून बघा. बहुतेक जण इथेच अडखळतात, कारण सेटअपच्या पानावरच्या सूचना जुन्या झालेल्या असतात. पण ही अडचणच कामाची. चौथ्या पायरीवरची आज्ञा नव्या आवृत्तीत चालत नाही हे लक्षात आलं, तर ती दुरुस्त करून पाठवा. हा पहिला पॅच, म्हणजे संस्थेला पाठवलेली दुरुस्ती, शुद्धलेखनाच्या दहा दुरुस्त्यांपेक्षा वजनदार ठरतो, कारण तुम्ही खरंच बिल्ड करून पाहिलंत हे त्यातून दिसतं. नवख्यांसाठी सोपं म्हणून 'गुड फर्स्ट इश्यू'चं लेबल लागलेल्या कामावर मात्र मुंगळ्यांसारखी झुंबड असते. तिथे 'सर, हे मला असाइन करा' लिहून आठवडाभर गप्प बसणाऱ्यांची रांग पाहिली की मेंटॉर का वैतागतात ते कळतं. शिवाय या जगात 'सर' कोणी नसतं. नावाने हाक मारायची, प्रश्न खाजगीत न विचारता सगळ्यांच्या चॅटवर विचारायचा आणि काय करून पाहिलं, कोणता एरर आला, तो मजकूर जसाच्या तसा द्यायचा.

पॅच पाठवला की शेरे येतात. कधी दोन दिवसांत, कधी पंधरा. 'हे फंक्शन दोन गोष्टी करतंय, वेगळं करा', 'चाचणी कुठे आहे?', 'मुख्य शाखेवर रीबेस करा', असे कोरडे शेरे. त्यांना उत्तर किती दिवसांत आणि किती नीट दिलंत, यावर तुमची परीक्षा प्रस्तावाआधीच सुरू झालेली असते. मार्चपर्यंत असे दोन-तीन पॅच स्वीकारले गेलेले असले की पाया झाला.

प्रस्ताव पीडीएफमध्ये द्यायचा असतो. मुदत संपेपर्यंत नवी प्रत चढवता येते, म्हणून पहिली प्रत आठवडाभर आधी चढवून ठेवा. मुदत यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे असते. आपल्या घड्याळाशी जुळवून घ्या, एका मिनिटाचीही सवलत नाही. आशय किती ठोस आहे ते वेळापत्रकात उघडं पडतं. 'आठवडा ३: पार्सरवर काम आणि सुधारणा' ही ओळ निरुपयोगी. तीच अशी लिहिता येते: 'आठवडा ३: तारखेच्या रकान्यात टाइमझोन गळतो तो दोष, आधी नापास होणारी चाचणी, मग दुरुस्ती, शेऱ्यांसाठी दोन दिवस राखीव.' दुसरी ओळ लिहायला कोड उघडून बघावा लागतो, आणि मेंटॉरला नेमकं तेच हवं असतं. एआयकडून लिहून घेतलेले गुळगुळीत प्रस्ताव ढिगाने येतात. संस्थेचं नाव बदललं तर कुठेही खपेल असा मजकूर दिसला की वाचणारा पुढे सरकतो.

निवड झाल्यावर साधारण तीन आठवडे ओळखीचे. हा काळ सुट्टी समजून घालवणारे जूनमध्ये दोन आठवडे मागे असतात. पुढची नेहमीची चूक म्हणजे सगळं परिपूर्ण होईपर्यंत कोड स्वतःजवळ दडवून ठेवणं. मध्यावधीच्या दोन दिवस आधी दोन हजार ओळींचा एक पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) टाकला, तर तो कोणीही नीट वाचत नाही. दोनशे-तीनशे ओळींचे तुकडे करा, आठवड्याला एक तरी पाठवा. आजारी पडलात किंवा अडकलात तर त्याच दिवशी कळवा. काम अपुरं राहिलं तर मार्ग काढता येतो. पंधरा दिवस गायब झालेल्या माणसासाठी काढता येत नाही. मध्यावधीत नापास झालात तर तिथेच बाहेर, पैसेही नाहीत. शेवटी नापास झालात तर पहिला हप्ता राहतो, दुसरा जातो. अखेरीस केलेल्या कामाची सार्वजनिक लिंक द्यावी लागते: काय झालं, काय विलीन झालं, काय उरलं. ती नोकरीच्या मुलाखतीतही उपयोगी पडते, म्हणून घाईघाईत उरकू नका.

तक्रारी? आहेत. नकाराचं कारण गूगल देत नाही; संस्थेने सांगितलं तर नशीब. मेंटॉरचा दर्जा संस्थेगणिक बदलतो. कुठे दर आठवड्याला तासभर बोलणारा भेटतो, कुठे 'चालेल' एवढंच लिहिणारा. संग्रहातले जुने अहवाल वाचले की याचा अंदाज येतो, कारण चांगल्या मेंटॉरचा उल्लेख मुलं मनापासून करतात. आणि डिझाइन, लेखन, अनुवाद यांत रस असणाऱ्यांना इथे फारसं काही नाही, सगळा भर कोडवर.

तशा मुलांनी आउटरीची हा अशाच धर्तीचा दुसरा कार्यक्रम पाहावा. वर्षातून दोनदा, तीन महिन्यांचं काम, ७,००० डॉलर मानधन, आणि दस्तऐवज-डिझाइनचे प्रकल्पही असतात. आपापल्या क्षेत्रात ज्यांना डावललं जातं त्यांच्यासाठी तो आहे, म्हणून पहिल्या फेरीत निबंधवजा प्रश्न असतात आणि ते एका बैठकीत लिहून होत नाहीत. लिनक्स फाउंडेशनचं एलएफएक्स मेंटॉरशिप वर्षातून तीन सत्रांत चालतं. जीसॉकमध्ये हुकलेला माणूस पुढच्या सत्रात तिथे अर्ज करू शकतो, आणि डिसेंबरात पाठवलेले पॅच तिथेही दाखवता येतात.