पोक आलेली पाठ आणि दुखरा खांदा: केंद्रात जावे की घरी व्यायाम करावा?

निपाणीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका, वडगाव-शहापूरला मागावर वाकून तुटलेला धागा जोडणारे विणकर आणि बेळगावात संगणकापुढे बसणारी मुले यांची कामे वेगळी असली, तरी मान पुढे आणि खांदे आत ही ठेवण सर्वांची सारखीच होते. खांदा दुखू लागला की दोन मार्ग समोर येतात: फिजिओथेरपी केंद्रात नियमित फेऱ्या घालणे, किंवा एकदा नीट शिकून घरी व्यायाम करणे.

या दोन मार्गांची थेट तुलना ब्रिटनमध्ये झाली असून ती २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ‘ग्रास्प’ नावाच्या त्या चाचणीत खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या दुखण्याचे ७०८ रुग्ण होते. काहींना सहापर्यंत सत्रे मिळाली, तर काहींना एकच सविस्तर सत्र आणि घरी करायचे व्यायाम; तरीही वर्षभरात दोन्ही गटांच्या वेदनेत आणि हालचालीत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. खानापूरच्या आतल्या गावातून बेळगावला येण्यात ज्यांची दिवसाची मजुरी बुडते, त्यांनी म्हणूनच एका चांगल्या सत्रावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने खांदा आखडला असेल, किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र केंद्राची देखरेखच योग्य. पडल्यानंतर हात वर जात नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. खांद्याबरोबर छातीत दुखून घाम येत असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

कोणता व्यायाम, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती ताणली की लगेच मोकळे वाटते, पण पाठीतले फरे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडे, जागेवर धरणारे स्नायू त्याने बळकट होत नाहीत. त्यासाठी रबरी पट्टा मागे ओढणे, भिंतीवर हात टेकून शरीर ढकलणे आणि पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, म्हणजे जवळपास एक किलो वजन, हळूहळू उचलणे हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, निदान १२ आठवडे करावे लागतात. करताना थोडे दुखले आणि सकाळपर्यंत शमले तर चालते. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर वजन कमी करावे. खांदे मागे ओढणारा पट्टा बांधण्याने ही ताकद येत नाही.

सत्राला जाल तेव्हा व्यायाम स्वतः करून दाखवा, चूक तिथेच सुधारून घ्या आणि वजन कधी वाढवायचे ते विचारा. सूचनांचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत मिळाला, तर तो तिथेच मराठीत समजून घ्या आणि मोबाइलवर स्वतःचे चित्रीकरण करून न्या.