पाणगवतातला बास आणि मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ: हंगामभर वापरल्यानंतर

दाट पाणगवतात लार्जमाऊथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) गळाने धरायचा तर आमिष म्हणून माझी पहिली पसंती सात इंची, सरळ शेपटीच्या, खारवलेल्या म्हणजे मीठ मिसळलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाला. हंगामभर वापरून हे मत पक्कं झालंय. वळणदार शेपटीचं गांडूळ मोकळ्या पाण्यात सुरेख लहरतं, पण गवतात तीच शेपटी देठांना गुंडाळते आणि आमिष अधांतरी लटकून राहतं. सरळ शेपटीचं फटीफटींतून तळापर्यंत घसरतं.

निक क्रीम यांनी 1949 मध्ये ओहायोत प्लॅस्टिकचं गांडूळ बनवलं. गवतात मात्र ते खरं कामाला आणलं टेक्सास रिगने, म्हणजे गळ, वजन आणि गांडूळ जोडायच्या एका पद्धतीने. पुढे गोळीच्या आकाराचं वजन, मागे 4/0 मापाचा ऑफसेट (मानेशी वाकवलेला) गळ, आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलेलं. गांडूळ गळावर अगदी सरळ बसवा. जरा वाकडं बसलं की ओढताना गरगरतं आणि लाइनला (गळाच्या दोरीला) पीळ पडतो. वजनापुढे रबरी स्टॉपर हवाच, नाहीतर वजन देठाच्या एका बाजूने जातं, गांडूळ दुसऱ्या. विरळ गवताला 7 ग्रॅम पुरतात, दाट गवताला 14 किंवा जास्त. टंगस्टन महाग, पण शिशापेक्षा बरंच घन असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते आणि गवतात सहज शिरते. इथे पैसे वाचवू नयेत.

बास दबा धरून बसतो, त्यामुळे आमिष खाली जात असतानाच बरेचदा उचलतो. नजर लाइनवर हवी. हलकी टकटक जाणवली किंवा लाइन बाजूला सरकली, की आधी ढील गोळा करायची, मग जोरदार हिसका. 50 पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन ताणली जात नाही, कोवळे देठ कापतेही. मिठामुळे मासा आमिष पटकन थुंकत नाही, असा माझा अनुभव. आणि गवत हिरवं असेल तिथेच थांबा. कुजणारं गवत पाण्यातला प्राणवायू खातं, मासे तिथून हलतात.

तक्रार एकच: टिकाऊपणा. खारवलेलं प्लॅस्टिक डोक्याशी लवकर फाटतं. सुपरग्लूच्या थेंबाने आयुष्य थोडं वाढतं. गांडुळं पाकिटातून काढून दुसऱ्या डब्यात ठेवू नका, काही प्रकारच्या प्लॅस्टिकला लागून ती वितळतात, रंगही एकमेकांत उतरतात. फाटलेले तुकडे पाण्यात मुळीच टाकू नका. ते कुजत नाहीत आणि मासे गिळतात.