वाढीव वॉरंटी नाकारली: १९१५ की ग्राहक आयोग?

खानापूरच्या मावसभावाने कोल्हापुरात टीव्ही घेतला. आता पडद्यावर उभ्या रेघा आल्यात आणि दुकानदार वाढीव वॉरंटीला हात वर करतोय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करू की बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, असं तो विचारतो.

खर्चाचं म्हणाल तर आयोगातही ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. १९१५ वर मराठीत बोलता येतं, पण तिथे फक्त मध्यस्थी होते. दुकानदार अडून बसला की विषय संपला. आयोगाचा आदेश मात्र बंधनकारक. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कोल्हापूरला खेटे नकोत. तारखा पडतात, हे खरं. तक्रार करायची मुदत २ वर्षांची. पावती आणि जॉबशीट (मेकॅनिक बिघाडाची नोंद करतो तो कागद) जपाच. मेकॅनिकने 'फिजिकल डॅमेज' असं खोटंच लिहिलं असेल तर सही करू नका.

नुसती टाळाटाळ चालली असेल तर १९१५. लेखी नकार हातात असेल तर थेट आयोग.